पिंपळ उगवलेली गाडी

मानकोली नाक्याजवळ आमचा वजनकाटा आहे. गोदामांत जाणारे ट्रक आधी माझ्या काट्यावर चढतात, वजन करून घेतात आणि मग पुढं जातात. काट्याच्या केबिनमधून समोरच संघरत्नाताईचं गॅरेज दिसतं. पत्र्याची उंच शेड, आत गर्डरला लटकलेली साखळीची कप्पी, आणि बाहेर आवारात उभ्या असलेल्या मोठ्या जीपगाड्या. लहान गाडी ती घेत नाही. कुणी नवीन माणूस लहान गाडी घेऊन आलाच तर त्याला पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवते, वर चहा पाजते.

ती मूळची नारपोलीची. तिचे वडील यादवमामा सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पोलिसांच्या जीपा, व्हॅन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराशेजारी छोटं गॅरेज टाकलं, पण साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. संघरत्ना तेव्हा एका पॉवरलूमच्या ऑफिसात हिशेब लिहायची. तिनं नोकरी सोडली आणि बापाजवळ येऊन बसली. मामा बोटांनी चाचपून सांगायचे आणि ती पाना फिरवायची. मामा गेले तोवर बापाची बोटं जणू तिच्या हातांत उतरली होती. पुढं ती आणि वेल्डिंगमध्ये पक्का असलेला तिचा भाऊ नागसेन, दोघांनी मिळून मानकोलीला ही शेड घेतली. पोलिसांच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या की ती त्या घ्यायची, पुन्हा उभ्या करायची, आणि डोंगरातल्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांना विकायची. ती म्हणायची, "पोलिसाची गाडी खूप धावलेली असते, पण तिचं तेल वेळेवर बदललेलं असतं. माणसानं आतून बघायला शिकलं पाहिजे, इतकंच."

मी जे सांगतोय ते दोन-तीन वर्षांपूर्वीचं.

अंजूरच्या बाजूला खाडीकाठी पंढरीशेठ म्हणून एक आगरी गृहस्थ राहायचे. आता त्यांच्या जमिनीवर गोदामं आहेत, पण तरुणपणी ते खाडीत डुबी मारून रेती काढायचे. होडीतून बांबूला धरून तळाशी जायचं, बादली भरायची आणि वर यायचं. पंढरीशेठ खाली गेले की वरची माणसं बोलायची थांबायची, इतका वेळ ते खाली राहायचे. माणूसही तसाच अवाढव्य. दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. म्हातारपणी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि तो डोंगरासारखा देह चाकाच्या खुर्चीत बसला.

त्यांची मुलगी करिष्मा एका सकाळी संघरत्नाताईकडं आली. मी काट्यावरून चहा घ्यायला तिथं गेलो होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

"ताई, बाबांना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात बसवा, हरकत नाही. बाबाही दुसरं काही मागत नाहीत. दिवसभर एकच शब्द, पाणी. प्यायला दिलं तर तोंड फिरवतात. त्यांना पाण्यात जायचंय."

"मग न्या की."

"कशातून नेऊ? रिक्षात मावत नाहीत. आमच्या गाडीत बसवायचं तर चार माणसं लागतात, आणि प्रत्येक वेळी त्यांना कुठंतरी लागतंच. परवा ते रडले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मला अशी गाडी पाहिजे की खुर्चीसकट माणूस आत गेला पाहिजे."

 संघरत्नाताई म्हणाली, "पोलिसांच्या मोठ्या गाडीला मागं दोन्ही बाजूंना बाक असतात आणि रुंद दार असतं. बाक काढले की खोलीच होते ती. पण तशी गाडी मिळायला पाहिजे."

ती मिळाली, पण ज्या अवस्थेत मिळाली ते बघून मी तर हात जोडले असते. जिल्ह्यातल्या एका आवारात लिलाव होता, मीही सोबत गेलो होतो. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांवर भंगारवाल्यांची गर्दी होती आणि कोपऱ्यात ही एक एकटीच. पुढून ठोकलेली. कित्येक पावसाळे तिथंच उभी. आत चिखल आणि पाचोळा साचून माती झालेली, आणि त्या मातीत चक्क पिंपळ उगवलेला. खिडकीतून फांदी बाहेर आलेली, पानं वाऱ्यावर सळसळत होती. मागच्या दारावर 'पोलीस' या शब्दातला फक्त 'पो' शिल्लक होता. भंगारवाले हसत होते. एकजण म्हणाला, "ये गाडी नहीं, बगीचा है."

संघरत्नाताई गाडीखाली गेली. बराच वेळ फक्त तिच्या चपला दिसत होत्या. बाहेर आली तेव्हा केसांत माती होती आणि चेहऱ्यावर, काय सांगू, देवळातून बाहेर आलेल्या बाईसारखं काहीतरी.

"चेसिस सरळ आहे," ती नागसेनला म्हणाली. "एवढा मार खाऊन सरळ आहे."

गाडी दुसऱ्या गाडीमागं बांधून, टोचन करून मानकोलीला आणली तेव्हा रस्त्यावरचे ट्रकवाले माना बाहेर काढून बघत होते. पिंपळाची फांदी सगळ्या वाटेवर हलत आली.

पहिलं काम तिनं काढलं ते झाडाचं. नागसेन कोयता घेऊन आला तर तिनं हात आडवा केला. पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष, आम्हा बौद्धांसाठी तो कोण आहे हे सांगायला नको.  ती खाली बसली आणि मुळं सोडवायला लागली. मुळं फ्लोअरच्या भोकांतून खाली उतरून चेसिसला विळखा घालून बसली होती. पाणी मारायचं, माती ओली करायची, बोटांनी एकेक तंतू मोकळा करायचा. मी काट्यावरून बघायचो. ट्रक येत होते, जात होते आणि ही बाई लोखंडातून झाड वेगळं करत होती. शेवटी अख्खं झाड मुळांसकट बाहेर आलं. ते शेडच्या मागं लावलं.

मग कप्पी लावून गाडीची बॉडी चेसिसवरून उचलली. गाडीचं वरचं सगळं शरीर हवेत, आणि खाली नुसता सांगाडा, चाकं, इंजिन. मी आयुष्यभर गाड्या वजनात मोजल्या. गाडी आतून अशी असते हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

इंजिन जाम होतं. फिरतच नव्हतं. नागसेन म्हणाला, "ताई, दुसरं इंजिन टाकू." ती म्हणाली, "थांब." डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकांतून तिनं डिझेल आणि तेल आत सोडलं, आणि तसंच मुरू दिलं. रोज सकाळी आली की क्रँकच्या नटाला पाना लावायची, पान्याला लांब पाइप लावायची आणि हळू जोर द्यायची. जबरदस्ती नाही. आजारी माणसाचा हात हलवून बघतात ना, तसं. नाही हललं की पाना काढून दुसऱ्या कामाला लागायची.

एका सकाळी तिनं मला हाक मारली. "मनोजभाऊ, इकडं या. पाइपला हात लावा."

मी हात लावला. तिनं जोर दिला. आणि त्या पाइपातून माझ्या तळहाताला काहीतरी कळलं. आवाज नव्हता. कित्येक वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी आतून सुटलं. केसाएवढं हललं असेल. 

"आता येईल," ती म्हणाली.

पुढचं काम लांबलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, क्लच नवा टाकला, ब्रेकचे सगळे पाइप बदलले. नागसेननं पुढचा चेपलेला भाग कापून नवा बसवला. मागचं फ्लोअर नव्यानं घातलं, खुर्ची चढवायला घडी होणारी उतरती लोखंडी पट्टी केली, आत खुर्ची घट्ट बांधायला पट्टे लावले. ज्या दिवशी सेल्फ मारला त्या दिवशी गाडी आधी खोकली, काळा धूर सोडला, बंद पडली. ताईनं डिझेलमधली हवा पुन्हा काढली. दुसऱ्यांदा मारला तर इंजिन लागलं, आणि लागलं ते थांबलंच नाही. त्या घोगऱ्या, एकसारख्या आवाजानं शेडचा पत्रा थरथरत होता. नागसेन डोळे पुसत होता. ताई बॉनेटवर तळहात ठेवून नुसती उभी होती.

आरटीओची मंजुरी, पासिंग, नवा पांढरा रंग, हे सगळं होऊन करिष्मा वडिलांना घेऊन आली. पंढरीशेठना गाडीपाशी आणलं आणि तिथंच अडलं. त्यांनी डाव्या हातानं खुर्चीचं चाक घट्ट धरलं.

"न्हाय," ते म्हणाले. जीभ जड, पण शब्द स्पष्ट.

करिष्मा खाली बसली. "बाबा, काय झालं?"

"पोलिसाची हाय."

रंग बदलला तरी ठेवण त्यांनी ओळखली होती. रेती काढायला बंदी आली त्या काळात होड्या पकडल्या गेल्या, तेव्हा पंढरीशेठना अशाच गाडीतून नेलं होतं. गावाच्या मधून. मागच्या दाराच्या जाळीतून त्यांनी आपली बायको गुणाबाई रस्त्याकडेला उभी राहिलेली बघितली होती. करिष्मा तेव्हा तिच्या कडेवर होती. करिष्माला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आता तुटक शब्दांत त्यांनीच सांगितलं.

संघरत्नाताई त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"काका, खरं आहे. पोलिसाचीच होती. मी खोटं बोलणार नाही."

त्यांनी विचारलं, "कडी हाय का?"

आम्हाला कळलं नाही. ताईला कळलं. मागच्या बाकाच्या खाली लोखंडी कडी असते, बेडी अडकवायला.

"होती. मी कापली. या, बघा हात लावून."

तिनं खुर्ची मागच्या दारापर्यंत नेली. पंढरीशेठनी डावा हात आत घातला. तो प्रचंड पंजा नव्या फ्लोअरवरून फिरला, कडेला गेला, पत्र्याच्या जोडावर थांबला. नागसेननं ती जागा घासून इतकी सपाट केली होती की नखाला काही लागत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा तिथंच बोट फिरवत राहिले.  रस्त्यावरून कंटेनर जात होते तेवढाच आवाज.

मग त्यांनी हात बाहेर काढला आणि ताईच्या डोक्यावर ठेवला.

"चल, पोरी," ते म्हणाले.

खुर्ची पट्टीवरून वर गेली. कुणालाही उचलावं लागलं नाही. मला आठवतं, करिष्मा दोन्ही हात पुढं करून उभी होती, मदतीला, आणि मदत लागलीच नाही. ते हात तसेच हवेत राहिले.

ताई स्वतः गाडी चालवत होती. मी काटा भाच्याकडं सोपवून सोबत गेलो, नागसेनही होता. अंबाडीवरून वज्रेश्वरी, तिथून अकलोली. वळणावर गाडी डुलायची तेव्हा पंढरीशेठ डोळे मिटायचे. होडीत बसल्यासारखं वाटत असेल.

कुंडावर गर्दी नव्हती. जाड कापडाची झोळी नेली होती. तिथं आंघोळीला आलेली अनोळखी माणसं न सांगता पुढं आली, आणि सगळ्यांनी मिळून पंढरीशेठना पायऱ्या उतरून पाण्यात नेलं. पाणी छातीला लागलं तशी झोळी सैल पडली. ज्या देहाला हलवायला घर दमत होतं, तो देह पाण्यावर आला आणि तरंगायला लागला. त्यांचं लुळं पडलेलं बोट पाण्यात हलत होतं. ते हलवत होते की पाणी हलवत होतं, मला सांगता येणार नाही.

त्यांनी करिष्माकडं बघितलं. छाती भरून श्वास घेतला. आणि खाली गेले.

 नागसेन कपड्यांसकट उतरायला निघाला. संघरत्नाताईनं त्याचा दंड धरला.

"थांब. बघ."

वाफेखाली, पाण्याच्या तळाशी, तो माणूस शांत बसला होता. डावा हात जमीन चाचपत होता. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. किती वेळ गेला मी मोजला नाही. मला फक्त माझ्याच छातीतलं दुखणं आठवतं, कारण मीही श्वास धरला होता. मग पाणी फुगलं आणि ते वर आले. डाव्या मुठीत कुंडाच्या तळाची काळी रेती होती. ती त्यांनी करिष्माच्या ओंजळीत ठेवली आणि तोंडाच्या एका बाजूनं हसले.

त्यानंतर जवळजवळ दर आठवड्याला गाडी अकलोलीला जायची. उजवी बाजू काही परत आली नाही. पण त्यांचं रडणं थांबलं आणि ते जेवायला लागले. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. करिष्मानं गाडी विकली नाही. आता ती आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच गाडीतून दवाखान्यात आणि कुंडावर नेते. तिच्याकडं बघून अशाच गाड्या करून घ्यायला वाडा, शहापूरकडून माणसं मानकोलीला येतात.

एकदा चहा पिताना मी ताईला विचारलं, "ते खाली गेले तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

तिनं कप खाली ठेवला.

"भीती आठवत नाही, मनोजभाऊ. मी बघतच राहिले. एवढा मोठा माणूस, आणि पाण्यानं त्याला किती अलगद धरलं होतं."