लेकरू कडेवर, नाव पटावर

आमच्या शाळेत इन्स्पेक्शनच्या आधी मुलं कापली जात. घाबरू नका, लाल शाईनं. डिप्टीसाहेब येणार असा निरोप आला की हेडमास्तर हजेरीपट पुढे ओढायचे आणि बरेच दिवस न आलेल्या मुलांच्या नावांवर पट्टी ठेवून रेघ मारायचे. उरलेले सगळे हजर. साहेब खूश, शेरा उत्तम. कापसाच्या दिवसांत निम्मी शाळा शेतात असायची आणि नेमकी तेव्हाच आमची हजेरी कागदावर वर्षातली सर्वांत झकास दिसायची. अल्लीपूरच्या बाजूच्या त्या गावात मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच हिवाळ्यात हा चमत्कार पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

नुकतंच राज्य बदललं होतं. नागपूरकडे बघायची सवय मोडून मुंबईकडे बघा म्हणत होते. लाल शाई मात्र तीच होती.

हेडमास्तर दुष्ट नव्हते. भित्रे होते, आणि माझ्या मते भित्रा माणूस जास्त महागात पडतो. मी भांडायला गेले तर म्हणाले, "बाई, जो येतच नाई त्याचं नाव ठेवून का लोनचं घालाचं?"

"का येत नाही ते तरी लिहू," मी म्हटलं.

"त्यात का लिहाचं? कापूस हाय म्हून येत नाई. अख्ख्या गावाले ठाऊक हाय."

अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट बहुधा कोणी तपासलेली नसते. मी चौथीच्या पटावर गैरहजेरीच्या खुणेशेजारी शिसपेन्सिलीनं आणखी एक बारीक अक्षर लिहायला लागले. वेचणीला गेला तर 'वे'. बाजाराला गेला तर 'बा'. घरी धाकटं भावंड सांभाळत असेल तर 'ले', म्हणजे लेकरू. हेडमास्तरांनी ती अक्षरं पाहून कपाळाला हात लावला, पण शिसपेन्सिल म्हणून सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी पट उघडून बसले. बघते तर 'वे'वाली पोरं वेचणी संपल्यावर आपली आपण परत आली होती. कापसानं कोणालाच गिळलं नव्हतं. गेल्या होत्या त्या 'ले'वाल्या, आणि त्या सगळ्या पोरी. आई वेचणीला, तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. ते रांगेपर्यंत, मग चालेपर्यंत, आणि तोवर बहिणीचं नाव कधीच कापलेलं. कापसाच्या नावानं आम्ही सगळे उगाच बोटं मोडत होतो.

मग पुढची कोण जाणार, हे आधीच कळायला काय हरकत होती? त्या पावसाळ्यात मी विहिरीवर जाऊन उभी राहायला लागले. बायका पाणी शेंदायच्या आणि मी त्यांची पोटं बघायचे. हिला सहावा दिसतो, हिची थोरली माझ्या वर्गात. हिला आठवा, हिची थोरली तिसरीत. मला वाटलं, आपण फार शहाणपणाचं काम करतोय.

गावाला काय वाटलं ते सांगायलाच नको. मी तरणी विधवा, मूलबाळ नाही, आणि गरोदर बायकांच्या पोटाकडे टक लावून बघते! मी दिसले की पदर ओढले जायला लागले. एका सासूनं माझ्यादेखत सुनेवरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मला राग आला, अन् रडूही आलं. घरी येऊन मी दोन्ही उरकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर गेले. माझ्या नजरेत एवढी ताकद असती तर ती मी आधी लाल शाईच्या दौतीवर लावली नसती का?

एकीनं मात्र पदर ओढला नाही. तिचं घर आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं. घरातले देव तिनं स्वतः नदीत सोडले होते आणि नजर लागायची भीतीही बहुतेक त्यांच्याबरोबरच सोडली होती. भरली घागर डोक्यावर घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, माह्या पोटाकडे काऊन पाहून राह्यल्या?"

मी सांगून टाकलं. तुझी पोरगी माझ्या वर्गात सगळ्यांत हुशार आहे. हे बाळ आलं की ती घरी बसेल, तिचं नाव कापलं जाईल, आणि चौथीची परीक्षा जाईल ती जाईलच.

तिनं घागर सावरली. "मंग वेचाले कोन जाईन? मी गेली नाई तं खाऊ का?"

"तू जा. बाळाला पोरगी शाळेत घेऊन येईल."

"शाळेत? अन् ते रडलं तं?"

"रडेल. माझ्या वर्गात पाढे म्हणतानाही पोरं रडतात."

ती हसली तेव्हा घागरीतलं पाणी हिंदकळलं.

दिवाळीनंतर मी वर्गाच्या आढ्याला माझं जुनं लुगडं बांधून झोळी केली. पोरगी बाळाला झोळीत टाकायची, पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढायची आणि हातानं भागाकार करायची. "बाई, शाळा हाय का बाळंतघर?" हेडमास्तर म्हणाले. मी म्हटलं, "सध्या दोन्ही." गावातल्या काही घरांना वेगळीच मिरची झोंबली. त्या वस्तीतलं लेकरू आपल्या पोरांमध्ये निजतं म्हणजे काय! त्यांनी आपली पोरं काही दिवस घरी ठेवली. त्यांच्या नावापुढे मी कारण लिहिलं, 'हट्ट'. तो उतरल्यावर पोरं आली.

पौषात मला ताप आला आणि मी बरेच दिवस अंथरुणाला खिळले. उठून शाळेत गेले तर डिप्टीसाहेब त्याच दिवशी यायचे होते, झोळी सोडून घडी करून कोपऱ्यात ठेवली होती, आणि पोरगी माझ्यामागोमाग आत येऊन बाळाला मांडीवर घेऊन बसली. पट बघायला मला वेळच मिळाला नाही, कारण साहेब दारात आले. त्यांनी खुर्चीत बसून पट स्वतःच वाचायला घेतला.

वाचून झाला. पोरगी बाळासकट उभी राहिली.

"साहेब, माह्यं नाव राह्यलं."

साहेबांनी पटावर बोट फिरवलं. "तुझं नाव खारीज झालंय, बाळ. तू येत नव्हतीस."

"पन मी तं हजर हावो ना जी!"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "ही रेघ माझी नाही," मी म्हटलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

साहेब नियमाचे होते. खारीज नाव पुन्हा चढवायचं तर पालक समोर हवा. आणि परीक्षेला बसणाऱ्यांची यादी ते आजच घेऊन जाणार होते. "पालक नाही तर नाव नाही," ते म्हणाले.

"पालक वेचणीला गेलेत. तोवर साहेब चहा घेतील," मी म्हटलं. पोरीनं बाळ माझ्या मांडीवर टाकलं आणि शेताकडे धूम ठोकली. बाळानं तत्काळ भोकाड पसरलं.

"हे काय आहे?" साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"गैरहजेरीचं कारण," मी म्हटलं. "तुम्ही दरवर्षी कागदावर बघता ना, ते असं दिसतं. नीट बघून घ्या."

साहेबांचा चहा निवून गेला तरी ते उठले नाहीत, हे मी त्यांच्या नावे जमा धरते.

आई आली ती धापा टाकत, कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच. तिनं बाळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"माह्या पोरीचं नाव कोनं कापलं?"

साहेब म्हणाले, "ती इतके दिवस आली नाही, म्हणून—"

"पोरगी रोज आली जी. बाई बिमार होत्या, तं लेकरू आनलं म्हून तिले रोज दारातून वापस धाडलं. मास्तराले इचारा." तिनं हेडमास्तरांकडे बोट केलं. "दारातून वापस धाडलेलं पोट्टं गैरहजर कसं होते, साहेब?"

हे मला माहीत नव्हतं. माझ्या 'वे', 'बा', 'ले'मध्ये याला अक्षर नव्हतं. साहेबांनी हेडमास्तरांकडे एकदाच बघितलं, मग शाईची डबी उघडून तिच्यापुढे सरकवली. तिनं अंगठा उठवला. त्यांनी यादीत नाव लिहिलं, पटावर लिहिलं. तरी ती हलेना.

"आता हाक मारा. मले आयकू द्या."

साहेबांनी पोरीचं नाव मोठ्यानं वाचलं. पोरीनं हजेरी दिली. मग आईनं माझ्याकडून बाळ घेतलं, तिथंच ओसरीवर त्याला पाजलं, पोरीच्या कडेवर दिलं आणि ओटी सावरत वेचणीला परत गेली.

उन्हाळ्यात ती पोरगी चौथी पास झाली आणि माझी बदली झाली. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान आहे.