हिरवं लागेपर्यंत

बॅटरीवर चालणारी करवत नातीने पुण्याहून पाठवली, ती पोचली त्याच संध्याकाळी सुनेचा फोन आला. "आई, पोचली ना? तुम्ही स्वतः चालवू नका हं. कुणाला तरी बोलवा." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि खोकं फोडलं. बोलावणार कोणाला? आमच्या कर्जतच्या बाजूची निम्मी गल्ली दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते ती गुढीपाडव्याच्या आत परत येत नाही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. कुत्र्यांना करवत चालवता येत नाही, म्हणून मी.

यंत्र दुधीभोपळ्याएवढं. पुढे वीतभर पातं, पात्याभोवती सायकलच्या चेनसारखी पण दातेरी साखळी, मागे मूठ आणि मुठीखाली बॅटरी. अंगठ्याने एक बटण दाबून धरायचं आणि बोटाने खटका ओढायचा, दोन्ही एकदम, नाहीतर ती हलत नाही. नातीने मोबाईलवर समोर बसून शिकवलं. चष्मा लाव, हातमोजे घाल, पदर खोच. जिने जन्मात पदर घेतला नाही ती मला पदर खोचायला शिकवत होती. सराव म्हणून मी दारातल्या एरंडावर चालवली. एरंड लोण्यासारखा आडवा झाला. मला इतका आनंद झाला की मी उगाच दुसराही कापला.

पण करवत आणली होती ती लिंबोणीसाठी, आणि तीही झाड पाडायला नव्हे, जगवायला. लिंबोणी शेंड्याकडून वाळत येते. वाळलेली फांदी थोडी थोडी मागे कापत यायचं, आणि सालीखाली जिथे हिरवं लागेल तिथे थांबायचं. त्या तोंडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा. हिरवं लागलं म्हणजे झाड वाचलं.

आणि झाड वाचलं तर जाऊबाई राहणार होत्या.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. अंगण एक, घरं दोन, समोरासमोर. दोघींचेही नवरे गेले. आता जाऊबाईंना नुसता उजेड दिसतो आणि उजेडात हलणारं काहीतरी दिसतं, माणूस की म्हैस ते आवाजावरून ओळखतात. त्यांचा मुलगा सुप्याला कारखान्यात कामाला आहे, तिथेच दोन खोल्या घेऊन राहतो. पावसाळ्यात त्या मोरीत पडल्या तेव्हापासून तो आईला घेऊन जायचं म्हणतोय. पोरगा वाईट नाही, आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. पण त्याचा फोन आला की जाऊबाई म्हणायच्या, "लिंबोनीचं काय हुतंय ते बघू दे. मग येते."

मी शेजारी बसून ऐकायची. दर आठवड्याला तेच. माझ्या मनाने घेतलं की झाडाला पालवी फुटली तर या बाईला घेऊन जायला कोणाकडे कारण उरणार नाही. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा मला ते अगदी सरळ हिशोबासारखं वाटलं होतं.

ते झाड अर्धं माझं, अर्धं त्यांचं. त्यालाही कारण आहे, आणि त्या कारणाचं नाव तरुणपणातली मी.

मी सोनईकडची. पाटपाण्याचा मुलूख. लग्न होऊन या कोरड्या गावात आले तेव्हा जणू धरण माझ्या वडिलांनी बांधलं होतं अशा थाटात वावरायची. हातात घड्याळ, अंगावर पोपटी नायलॉनची साडी, चैत्राच्या उन्हात. आतून भाजून निघत होते, पण सुती नेसलं तर मी मॅट्रिक पास आहे हे लोकांना कसं कळणार? पहिल्या माहेरपणाहून येताना एसटीत मांडीवर लिंबोणीचं रोप घेऊन आले. फाट्यावरून चालत आल्यावर पायाला फोड आले म्हणून निजले, तेवढ्यात जाऊबाईंनी कुदळीने खड्डा काढून रोप लावूनही टाकलं. मी उठले आणि हंडाभर पाणी त्याच्यावर ओतलं. तो हंडा त्यांनी लांबच्या विहिरीवरून आणला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या म्हायेरचा पाट हिकडं येईस्तवर वाटीनं घाल बाय."

रोप माझं, खड्डा त्यांचा. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा अंगणात मधोमध भिंत घालायची ठरली. गवंड्याने दोरी धरली ती बरोबर बुंध्यावरून गेली. झाड तोडायला कोणीच तयार होईना, म्हणून भिंत राहून गेली. दोरी गुंडाळून गवंडी चहा पिऊन गेला.

त्यानंतर आम्ही काही वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. कशावरून ते आता दोघींनाही आठवत नाही. लिंबं मात्र एकाच झाडाची. तेव्हा या मॅट्रिक पास बाईने काय करावं? पोपटी साडी फाटली होती, तिच्या चिंध्या करून माझ्या बाजूच्या फांद्यांना बांधल्या. माझी फांदी कोणती ते समजावं म्हणून. जाऊबाईंनी त्या फांद्यांना कधी हात लावला नाही, आणि हसल्याही नाहीत. मला ते न हसणं जास्त झोंबलं.

तर त्या झाडाच्या बुंध्यावर गेल्या पावसाळ्यात डिंक आला, आणि दिवाळीपासून शेंडे वाळायला लागले.

माघात मी कापायला सुरुवात केली. उन्हं उतरली की जाऊबाई आपल्या ओट्यावर येऊन बसायच्या. मी शिडीला अंग टेकून करवत चालवायची. फांदी पडली की तिचा तुकडा त्यांच्या हातात द्यायची. त्या नखाने साल खरवडायच्या, बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, "हिरवं हाय का?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. "नाही अजून. खाली असेल."

"आसंल," त्या म्हणाल्या. "आन् ए धाकले, ते यंतर लई केकाटतंय. तुझ्यावानी."

"माझ्यासारखं केकाटत असतं तर तुम्ही इथं बसला नसता, बाई."

"बसलेच की. जल्म गेला हितंच बसून."

जाड फांदीला बॅटरी फार टिकत नाही. आवाज खाली उतरत जातो, दाते चालतात पण लाकडात शिरत नाहीत, आणि मग बंद. बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावायची. चार्जरवर लाल दिवा लागतो, भरली की हिरवा होतो. लाईट गेली की तेही नाही. त्यामुळे रोज थोडंच कापून व्हायचं. मला त्याचं वाईट वाटायचं. पुढे वाटेनासं झालं.

एके संध्याकाळी मधल्या बेचक्यात साखळी एकदम अडकली. यंत्र थरथरलं आणि गप्प. मी बॅटरी काढली, चष्मा पुसला, सुरीच्या टोकाने साखळीतून ओढून काढलं ते बोटभर रंगीत सूत. झाडाने साल वाढवून ती चिंधी पोटात घेतली होती. नायलॉन, कुजणार कसं? बाहेरून मातकट, पण आतून अजून पोपटी.

मी ते जाऊबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चिमटीत धरून चोळलं, कानाशी नेलं. नायलॉन चोळलं की कुरकुरतं.

"ही तुझी शिनिमावाली साडी," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आख्ख्या गावात आसं कुरकुरनारं कोन न्येसत हुतं दुसरं?" मग त्या हसायला लागल्या. इतक्या वर्षांनी, त्या चिंध्यांवरून, पोट धरून. "मी म्हनायची ह्यास्नी, झाडाला न्हान आलं म्हून धाकलीनं त्येला साडी न्येसवली जनू. आन् तुला यक सांगू? तुझ्या फांद्यांची लिंबं ग्वाड निघायची."

"लिंबं कधी गोड असतात का, बाई?"

"मी रातीची तोडायची ना. चोरीचं ग्वाडच लागतंय."

आणि मी इतकी वर्षं या बाईच्या सज्जनपणाने खंगत होते. दोघी हसलो तोवर हसलो. नंतर त्यांनी सूत बोटाला गुंडाळलं, हातातल्या तुकड्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हिरवं हाय का?"

मी पाहिलं. सालीखाली तपकिरी, कोरडं, ठिसूळ. मधली फांदी बेचक्यापर्यंत मेली होती.

"थोडं हिरवट आहे," मी म्हणाले.

त्यांनी तुकडा नाकाशी नेला, बराच वेळ धरला. "व्हय," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी तसंच सांगत गेले. हिरवट आहे. कालच्यापेक्षा बरं आहे. या अंगाला ओल आहे. लेपही लावत होते, मेलेल्या लाकडाला. निळसर लेपाने माखलेले थोटे हात वर करून झाड अंगणात उभं होतं. आता दोन मोठ्या फांद्या आणि बुंधा उरला होता. तो संपला की पुढे काय ते मला ठाऊक होतं, म्हणून मी काम लांबवू लागले. दिवा हिरवा झालेला असतानाही म्हणायची, "बाई, आज बॅटरी भरलीच नाही." कधी साखळी सैल झाली म्हणायची, कधी माझं मनगट दुखतंय म्हणायची, आणि ते खरंच दुखत होतं. जाऊबाई म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे मग. उंद्या." तरी त्या ओट्यावर येऊन बसायच्याच. कापायचं काही नसलं तरी दोघी बसायचो. झाडाला सावली नव्हती, पण सवय होती.

पाडव्याच्या आधी त्यांचा मुलगा आला. टेम्पो घेऊन आला तेव्हाच मी समजले. त्याने माझ्या पाया पडून चहा घेतला आणि अंगणात उभा राहून झाडाकडे बघितलं.

"काकी, तुमी हे कापताय? ह्या वयात?"

"हळूहळू होतंय," मी म्हणाले. "मधेच सोडू नये. खाली हिरवं आहे."

त्याने खिशातून किल्ली काढली, बुंध्याची साल टोकरली. खरा शेतकऱ्याचा पोरगा. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग प्रेमाने म्हणाला, "द्या हिकडं काकी. बॅटरी हाय ना भरलेली?"

बॅटरी भरलेली होती. मीच रोज भरत होते.

मी महिनाभर वाटीने पाणी घालावं तसं पुरवून वापरलेलं झाड त्याने चहाचा कप गार व्हायच्या आत संपवलं. दोन फांद्या, मग बुंधा, एका बाजूने निम्मा, दुसऱ्या बाजूने निम्मा. पाय लावून ढकललं. वाईट हेतू काहीच नव्हता. काकीचं काम हलकं केलं, असंच त्याच्या मनात. खुंटाचं कापलेलं तोंड कडेपासून मध्यापर्यंत एकाच तपकिरी रंगाचं होतं.

तो सामान भरायला आत गेला. मी जाऊबाईंजवळ जाऊन बसले. त्यांच्या बोटाला ते पोपटी सूत अजून होतं.

"बाई," मी म्हणाले, "बुंध्यात थोडं..."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "डोळं ग्येलं, नाक न्हाई ग्येलं. वल्ल्या लिंबोनीला वास येतो. तू दिलेल्या येकाबी तुकड्याला यंतराच्या त्येलाबिगर वास न्हवता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर तू कापायची थांबली आसतीस." त्यांनी बोटाचं सूत आवळलं. "आन् मला जावं लागलं आसतं."

म्हणजे दोघीही एकाच मेलेल्या झाडाला टेकून बसलो होतो. मला वाटत होतं मी एकटीच फसवते आहे. तरुणपणी मला मी गावातली सर्वांत हुशार बाई वाटायची. सत्तरीतही तसंच वाटत होतं, एवढाच काय तो माझ्या अकलेत फरक.

टेम्पोत पुढे बसवताना त्यांचा हात माझ्या हातात होता. त्यांनी बोटाचं सूत सोडलं नाही, मीही मागितलं नाही. गाडी वळली, धूळ बसली. कुत्री थोडी मागे धावली आणि परत आली.

आता अंगण सरळ आहे. भिंत घालायला काहीच आडवं येत नाही. समोर कुलूप आहे. संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर बसते, समोरचा ओटा रिकामा. करवत कपाटावर आहे. सून म्हणते तेल पुसून ठेवून द्या. मी अधूनमधून बॅटरी चार्जिंगला लावते, दिवा हिरवा झाला की काढते. कापायला काही नाही.

त्यांचा मुलगा आठवड्यातून एकदा फोन लावून देतो. पहिल्या काही फोनवर त्या विचारायच्या, "हिरवं हाय का?" आणि मी म्हणायची, "हाय." फोनवरून वास जात नाही. त्या "बरं" म्हणायच्या. आम्हा दोघींना चांगलं माहीत असलेली ती एकच गोष्ट उरली होती बोलायला.

मग त्यांनी विचारणं सोडलं. मुलगा म्हणतो दिवसभर झोपूनच असते, खोलीला खिडकी आहे पण तिकडे तोंड करत नाही, जेवण अर्धं टाकते. परवा फोन कानाला लावलेला होता, पलीकडून नुसता श्वास येत होता. मी आपणहून म्हणाले, "बाई, खुंटाला फुटवा आलाय. हिरवं आहे."

 मग त्या म्हणाल्या, "कशाचं?"

त्या चेष्टा करत असतील असं मी धरून चालले आहे.