मी न केलेली रात्रपाळी

आमच्या शिक्षणसंस्थेची वेबसाइट बीडच्या ऑफिसातून मीच सांभाळते. सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला एक जुना डबा. त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. कोण कधी आत शिरलं, काय बदललं, याची नोंद तो आपोआप ठेवतो. तिला लॉग म्हणतात. लॉग रोज बघायचा, असा नियम मीच लिहून भिंतीला चिकटवला होता. दसऱ्यानंतर परीक्षांच्या घाईत तो मीच पाळला नाही.

दिवाळीच्या तोंडावर संस्थेनं बाहेरची माणसं बोलावून सुरक्षेची तपासणी करून घेतली. त्यांनी गेल्या पंधरवड्याचा लॉग काढला आणि सचिवसाहेबांनी मला आत बोलावलं. माझ्या नावाच्या सगळ्या नोंदी रात्री दहा ते पहाटे साडेपाचमधल्या होत्या. दिवसाची एकही नव्हती. रात्रभर ऑफिसात काय करता, आणि मग दिवसा काय करता, असं साहेबांनी विचारलं. पहिल्या प्रश्नाचा मला संताप आला, दुसऱ्याचं हसू. त्यांनी पासवर्ड काढून घेतला. लेखी खुलासा द्या, नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल म्हणाले.

नोंदीतली कामं माझीच होती, हेच तर कळेना. निकाल मी चढवला होता, प्रवेशाची सूचना मी बदलली होती. पण भरदुपारी, डबा खाऊन, शेजारच्या टेबलावरच्या बाई गवारीच्या शेंगा निवडत असताना. मग रात्री दोनला तेच काम कुणी केलं? मी झोपेत चालते की काय? खोटं कशाला सांगू, सकाळी उठून मी माझ्या चपलांना धूळ लागलीय का ते बघितलं.

बीड केवढंसं! बाई रात्री ऑफिसात असते, एवढं लोकांना पुरतं. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आत्यांनी, त्याच रात्री आपली खाट ओढत नेऊन बाहेरच्या दाराला आडवी लावली. माझ्यावर पहारा! मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

खुलाशासाठी म्हणून पूर्ण लॉगची प्रत मिळाली होती. ती चाळताना दिसलं की मीच नाही, विद्यार्थीसुद्धा रात्री दोनलाच वेबसाइटवर गर्दी करत होते. दुपारी मात्र चिटपाखरू नाही. सगळा जिल्हा रात्री जागा आणि दुपारी गाढ झोपलेला. असं कसं होईल? हे कधीपासून, म्हणून मागची पानं बघितली तर सुरुवात खंडेनवमीची निघाली.

खंडेनवमीला आम्ही सर्व्हर बंद करून त्याची पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं रीतसर. आरती झाल्यावर मी घरी गेले. मग तो चालू कुणी केला? मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, अभिमानानं म्हणाले की त्यांनीच. मशीनचं घड्याळ बंद पडलं होतं, ते वेळ विचारत होतं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून दोन घातले. दुपारचे दोन वाजले होते ना! मशीनच्या हिशेबात दुपारचे दोन म्हणजे चौदा; नुसते दोन म्हणजे रात्रीचे. तेव्हापासून ते बारा तास मागे चाललं होतं आणि चोर मी ठरले होते.

साहेब हसले. पासवर्ड परत दिला आणि म्हणाले, त्या ओळी तेवढ्या दुरुस्त करून टाका. मी नाही म्हणाले. लॉगमधली ओळ बदलायची नसते. आज माझ्या सोयीसाठी बदलली तर उद्या त्यावर विश्वास कोण ठेवेल? घड्याळ चुकलं होतं एवढी टीप मी जोडली. ओळी तशाच राहिल्या.

संध्याकाळी घरी येऊन आत्यांना सगळं सांगितलं आणि फणकाऱ्यानं म्हणाले, आता तरी खाट हलवा.

"तुला अडवाया काहून निजू मी?" आत्या म्हणाल्या. "उद्या कुणी इचारलं तर सांगाया माणूस पायजे का न्हाई, ही घरातच व्हती म्हणून?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम का ते अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, त्या ओळी पुसल्या नाहीत, कायमच्या राहणार आहेत. टीप कोण वाचतंय? पुढं कधी कुणी बघितलं तर मी रात्रीच दिसणार.

आत्या खाटेवर गोधडी पसरू लागल्या.

"मंग मला लई दिस जगावं लागल," म्हणाल्या.