पालकाची परवानगी

माझी मोठी जाऊ पद्मजा अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिच्या मोबाइलच्या मते बारा वर्षांची. हे सांगितलं की लोक हसतात. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, फक्त माझ्यासमोर नको.

मी तिला वयनी म्हणते. आम्ही दोघी मालवणकडच्या, एकाच घरात सुना म्हणून आलो. सासरे लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसं सगळं बिऱ्हाड बोरिवलीला आलं. तिचा नवरा, आमचे अनंतभाऊजी, मुलगा निहार शाळेत असतानाच गेले. वयनीने रडत बसायच्या ऐवजी मसाला करायला घेतला. आजही आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांत मालवणी मसाला तिच्याच हातचा असतो. गोराईहून मासे घेऊन येणारी कोळीण तिला बघून टोपलीतले शिळे बांगडे खाली सारते. बिल्डिंगचा सेक्रेटरी तिच्याशी हळू आवाजात बोलतो. अशी ही बाई, आणि तिला गप्प केलं कुणी, तर नातीच्या जुन्या मोबाइलने.

आमच्याकडे नवीन मोबाइल तरुणांना आणि त्यांचा उतरलेला म्हाताऱ्यांना, ही रीतच झाली आहे. गार्गीला नवा आला, जुना आजीकडे गेला. त्याला मुलांसाठीचं कुलूप लावलेलं होतं. म्हणजे नको ते काही दिसायला लागलं की तो अडवतो आणि बापाच्या मोबाइलवर चहाडी करतो. निहारने त्यात गार्गीचं नाव पुसून 'आई' असं घातलं आणि विचारलं, "आई, तुझी जन्मतारीख काय?"

वयनी म्हणाली, "नारळी पुनवेच्या आदल्या दिवशीची मी."

"अगं, इंग्रजी तारीख सांग ना."

इंग्रजी तारीख तिच्या आधारकार्डावर आहे, एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राला एक जूनला जन्माला घातलंय. पण ती खोटी, म्हणून वयनी ती तोंडाने सांगत नाही. सरकारी काम असेल तर कार्ड पुढे करते. हे तर घरातलंच काम होतं. निहारला ऑफिसला जायची घाई होती. "राहू दे, गार्गीचीच ठेवतो, काय फरक पडतोय," म्हणाला आणि गेला.

फरक पडला नाही, हे खरंच. बरेच दिवस नाही पडला. ती त्यावर दशावतार बघायची, कोलंबीच्या पाककृती बघून बायकांना नावं ठेवायची. रमीच्या जाहिराती यायच्या, गोरं करणारी क्रीमं यायची, अर्धे कपडे घातलेल्या पोरी 'माझ्याशी बोला' म्हणत यायच्या. त्या वेळी कधी कुणी वय विचारलं नाही. कुलूप करणाऱ्यांचं पोट बहुतेक त्याच पोरींवर चालत असावं.

दिवाळीच्या चकल्या पाडताना वयनीच्या उजव्या बाजूला काहीतरी बोचलं. आंघोळीच्या वेळी तिने चाचपून पाहिलं तर छातीत गाठ. दुखत नव्हती. सुनेला सांगायची लाज, मुलाला सांगायचा प्रश्नच नाही. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये होते, पण मी लगेच आरडाओरडा करीन म्हणून मलाही नाही सांगितलं. तिने शहाण्या बाईसारखं काम केलं. दार लावून घेतलं आणि मोबाइलला विचारलं. कुणी डॉक्टरीणबाई मराठीत समजावून सांगत होती, कुठली गाठ साधी, कुठली वाईट, घरी कसं तपासायचं. वयनीने त्या व्हिडिओवर बोट ठेवलं.

पडदा पांढरा झाला. हा मजकूर तुमच्या वयासाठी योग्य नाही. पालकाची परवानगी मागा.

वयनी सातवी शिकलेली आहे, वाचता येतं तिला. खाली बटण होतं, ते तिने दाबलं. तिला वाटलं, कंपनीचा कुणी साहेब असेल तो देईल परवानगी. ती मागणी गेली थेट निहारच्या मोबाइलवर: आई यांना प्रौढांसाठीचा मजकूर पाहायचा आहे. गाठीचं नाव नाही, डॉक्टरणीचं नाव नाही. एवढंच.

त्याने नको म्हणून कळवलं. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण संध्याकाळी जेवताना, सून अनुपमा वाढत असताना हा शहाणा म्हणाला, "आई, मोबाइलवर काय काय बघतेस हां हल्ली. मला सगळं कळतं."

अनुपमा हसली. वाईट पोरगी नाही ती, चिडवल्यासारखं हसली. वयनी ताटावरून उठली. सगळ्यांना वाटलं, आमटी आणायला गेली.

त्या दिवसापासून तिने मोबाइल कपाटात साड्यांखाली ठेवला आणि गाठीवरून मनही काढून घेतलं. हे सगळं मला कळलं एप्रिलच्या शेवटी. आम्ही दोघी मिरच्या घेऊन मसाला कुटायच्या डंकावर गेलो होतो. दरवर्षी पिशवी ती उचलते आणि मी मागून बडबडत जाते. या वेळी तिने पिशवी डाव्या हातात घेतली. उजवा हात अंगाला धरलेला.

"हाताक काय झाला?" मी विचारलं.

"काय नाय गो."

मी तिला डंकाच्या मागच्या बाजूला नेलं आणि पदर बाजूला केला. काखेपर्यंत सूज होती.

"वयनी, कधीपासून ह्या?"

"दिवाळीपासून. उष्णतेची आसतली. जाईत आपसूक."

"आणि तू गप ऱ्हवलंस?"

तेव्हा ती बोलली. मिरचीच्या खकाण्याने दोघींच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं, त्यामुळे कोण रडतंय ते नीट कळत नव्हतं. "मोबायल म्हणालो, तुझ्या वयाक ह्या बरा नाय. माका वाटला, खराच. या वयात कित्याक बघूचा आपण? आणि मगे निहार असो बोललो, सुनेसमोर. शकू, माका मेल्यासारख्या झाला."

मिरच्या तशाच टाकून मी तिला रिक्षात घातलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि एवढंच म्हणाल्या, "दिवाळीत आला असता तर फक्त गाठ काढली असती." आता सगळंच काढावं लागलं. केमो चालू आहे. काखेतही पसरलं होतं, पुढे काय ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत.

निहारला मी सोडला नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात धरला.

"काकी, मला काय माहीत ती काय बघतेय? मला नुसतं 'प्रौढांसाठी' एवढंच दिसतं."

"मग विचारलंस का नाही?"

"आईला असलं काय विचारणार?"

"विचारायची लाज वाटली आणि चारचौघांत चिडवायची नाही वाटली?"

तो जिन्यातच बसला. मला दया आली नाही. आजही पूर्ण येत नाही. मोबाइल करणारे बारा वर्षांच्या मुलीसाठी कुलूप करतात, ते करू देत. पण बारा वर्षांच्या मुलीलाही छाती असते आणि म्हातारीलाही. शरीर आणि घाण यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती किल्ली दिली कुणी?

परवा मी गेले तेव्हा वयनी पलंगावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. हॉस्पिटलमधल्या बाईने ऑपरेशननंतरच्या हाताच्या व्यायामाचा व्हिडिओ पाठवला होता. साड्यांखालून पुन्हा बाहेर आलेल्या मोबाइलवर तिने बोट ठेवलं आणि पडदा पांढरा झाला. शेजारी बसलेल्या निहारच्या खिशात मोबाइल वाजला.

वयनीने त्याच्याकडे बघितलं. "बघू काय रे?" तिने विचारलं.

त्याने होय दाबलं. मग तिचा मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "आई, हे कुलूपच काढून टाकतो. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ना? साल कुठलं गं?"

"रवांदे," वयनी म्हणाली. "गार्गीची तारीख आसा ती आसांदे. ती तरी तुमका याद रवता."

वयनी उठली, भिंतीला बोटं लावली आणि व्हिडिओतल्या बाईसारखा उजवा हात हळूहळू वर चढवायला लागली. खांद्याच्या वर तो गेला नाही.