सहा नंबरचा आवाज

१६ फेब्रुवारी २०२५ रोजी खुशबूने स्टेथोस्कोप आणि छोटा माइक मिळून १,२८५ रुपयांना घेतले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिला हृदयाचे ठोके नोंदवून संगणकावर तपासायचे होते. तिचे वडील तुलाराम जांभुळकर आमच्या तुमसरच्या राइस मिलमध्ये फिटर. मी तिथला हिशेबनीस.

तुलाराम यंत्र खोलण्याआधी ऐकतो. पेचकसाचे टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. "याले आठ दिवस हायेत," म्हणाला की नवव्या दिवशी ते बेअरिंग जाते. हल्ली जिना चढताना त्याला दम लागे. तो जिन्याला नावे ठेवी.

खुशबूने मिलमधल्या अकरा जणांचे ठोके नोंदवले आणि नावांऐवजी नंबर दिले. नोंदीतली मिलची घरघर संगणकाने वेगळी काढायची. याला ती फिल्टर म्हणे, तुलाराम चाळणी.

सहा नंबरचा आवाज ती मला मिलच्या ऑफिसात स्पीकरवर ऐकवत होती. धक, मग शूऽऽ, मग धक. दोन ठोक्यांच्या मधे स्क्रीनवर सपाट रेघ हवी होती, तिथे गवत उगवले होते. तेवढ्यात तुलाराम हात पुसत आत आला.

"कोन्त्या पंपाचा वॉल्व्ह गळून राहिला? बंद करा, आजच्या आज खोला. उद्यावर ढकलाल तं मशीन बसंल!"

खुशबूचा चेहरा उतरला. "बाबा, हा पंप नोहे. तुमची छाती हाय."

तुलाराम खुर्चीवर बसला. "तुही चाळणी फाटली असन."

जेवणाच्या सुट्टीत मिल बंद असताना तिने पुन्हा नोंद घेतली. शूऽऽ तसाच.

"थोडी गळती चालते," तो म्हणाला.

"बाबा, दवाखान्यात चला ना," खुशबू रडवेली झाली.

"तुलाराम, आजच्या आज कोण म्हणालं?" मी विचारले.

"ते पंपाले म्हटलं, मुनीमजी!"

पण ऐकून दिलेला शब्द त्याने कधी मागे घेतला नव्हता. कपडे बदलून तो आमच्यासोबत भंडाऱ्याच्या एसटीत बसला.

डॉक्टरांनी इको काढला. झडप थोडी गळते; रोज गोळी, दर सहा महिन्यांनी तपासणी, ऑपरेशन सध्या नाही. खुशबूने डोळे पुसले. तुलाराम डॉक्टरांना म्हणाला, "म्या तं न खोलताच सांगितलं होतं."

घाईत तो पाकीट मिलमधल्या शर्टात विसरला होता. जाताना त्याच्या तिकिटाचे मी भरलेले पंचावन्न रुपये अजून त्याच्याकडून यायचे आहेत.