गुलाबी फितीची खुंटी

आज सकाळी जॉन्सनव्हिल उपनगरातल्या आमच्या घराच्या कुंपणाबाहेर गुलाबी फीत बांधलेली खुंटी दिसली आणि दक्षिणेकडच्या ओटागो प्रांतातली ती म्हातारी आठवली. २००५च्या आसपासची गोष्ट. मी सर्व्हेअर होतो आणि तिच्या दरीत होऊ घातलेल्या धरणासाठी अशाच खुंट्या ठोकत होतो. वारा पडला होता, मेंढ्या काही कारण नसताना एका कोपऱ्यात दाटीनं उभ्या होत्या. म्हातारीनं मला चहाला आत बोलावलं. स्वयंपाकघरात ओल्या लोकरीचा वास भरलेला, आणि भिंतीवर टांगलेला, हातानं रंगवलेला एक जुना नकाशा. स्कॉटलंडमधलं तिच्या पणजोबांचं गाव होतं ते. प्रत्येक घर, गोठा, ओढ्याकडे जाणारी पायवाटसुद्धा नीट दाखवलेली. "किती जीव ओतून काढलाय," मी म्हणालो. "जमीनदारानं मुद्दाम माणूस आणून करून घेतला," ती म्हणाली. "वर्षभरात गाव उठवलं, छपरं जाळली आणि तिथं मेंढ्या सोडल्या. मोजल्याशिवाय रिकामं कसं करणार?" मग माझा कप भरताना तिनं सहज विचारलं, "तुझ्या नकाशात माझं घर आहे का?" तिला धीर यावा म्हणून मी म्हणालो, "आहे ना, अगदी मागच्या शेडसकट." तिनं किटली खाली ठेवली आणि अर्धाच भरलेला कप माझ्यापुढे सरकवला. आज खुंटीपाशी उभ्या असलेल्या तरुण सर्व्हेअरला मी विचारलं, हे कशासाठी चाललंय. "किआ ओरा," तो हसून इथल्या पद्धतीनं नमस्कार करत म्हणाला, "अजून काही ठरलेलं नाही. पण काळजी करू नका, तुमचं घर नकाशात घेतलंय."