बकुळीभोवतीचं कडं

शहरातला एकूण एक कवी पद्मजाबाईंच्या लेखी भिकार होता. शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, पण त्यांच्या स्वतःच्या कवितेला एकाही संपादकानं दारात उभं केलं नाही, आणि तो राग त्या साऱ्या जगावर काढत. नवरा, श्यामसुंदर, तेवढा त्यांच्या कविता निमूट ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "ठीक आहे." त्याहून जास्त कौतुक बाईंच्या वाट्याला कधी आलं नाही.

तो गेल्यावर रक्षा नदीत सोडायला बाईंनी साफ नकार दिला. नदी कसली, गटारच ते. हडपसरपलीकडच्या स्मृतिवनात खड्डा खणून त्यांनी रक्षा मातीत मिसळली आणि वर बकुळ लावली. काही वर्षांत ती त्यांच्या डोक्याएवढी उंच झाली.

मग वनाच्या समितीला कलेचा पुळका आला. सलिल नावाचा एक डिझायनर आणला गेला. प्रत्येक झाडाभोवती सिमेंटचं कडं आणि त्यावर कोरलेली कवितेची एक ओळ, ही त्याची कल्पना. बकुळीसाठी पद्मजाबाईंचीच ओळ निवडली: "जन्मभर गप्प राहिलास, आता पानापानांतून बोल." या अडाण्यांना एकदाची अक्कल आली म्हणून बाई हरखल्या.

उन्हाळाभर वन बंद ठेवून काम चाललं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई ओळ बघायला गेल्या. अक्षरं सुरेख होती. त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. मग वर पाहिलं, तर बकुळीची पानं पिवळी पडून गळत होती. बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलेलं. छत्रीचं टोक रुतेल एवढीही माती उघडी नव्हती. आठवणी जपायला निघालेल्या शहाण्यांनी झाडाचाच गळा आवळला होता.

"अहो, पाणी जाणार कुठून?" त्यांनी तिथं शेवटचा हात फिरवून घेणाऱ्या सलिलला विचारलं.

"मॅडम, माती दिसली की लूक मेसी होतो," सलिल म्हणाला. "आणि रिंग तोडली तर तुमचीच लाइन जाईल ना! उद्या सगळे येतायत. झाड काय, नंतर रिप्लेस करू."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "श्यामसुंदर म्हणजे काय दिव्याचा बल्ब, गेला की बदलायला?"

त्यांनी संपत माळ्याला पहार चालवायला सांगितली. तो मागे सरला. "अक्षरं हायेत, बाई. त्यावर घाव कसा घालू? पाप लागंल."

"आण इकडे. पाप माझं."

पहार हातात आली आणि बाई थबकल्या. आयुष्यात लोकांसमोर येणारी ही त्यांची एकुलती एक ओळ होती. उद्या ती सगळं गाव वाचणार होतं. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. त्या रागातच त्यांनी पहिला घाव घातला. सलिल फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता. त्याच्याकडे बघण्याचीही बाईंनी तसदी घेतली नाही. ओळीचे तुकडे झाले तेव्हा कुठे खालची माती दिसली. संपतनं झारीभर पाणी ओतलं, ते बघता बघता जिरलं.

पदरानं तोंड पुसून पद्मजाबाई त्या तुकड्यांकडे पाहत राहिल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.